खिळ्याच्या खिशातल्या दोन किल्ल्या

अरे, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आपला खिळ्या माहितीय ना, दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतो तो? मागच्या रविवारी दुपारी तीनला तो स्टेजवर उभा होता, गळ्यात गिटार आणि समोर रिकामा माईक. एकोणीस वर्षांपूर्वी हा हार्डकोर पंक, म्हणजे सुसाट वाजवायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, असला बँड यानंच काढला, आणि आता बँडला गायकच नव्हता. गायकानं आदल्या दिवशी कळवलं, बदली झालीय, निघालो. हॉलवाल्यानं तर आधीच सांगून ठेवलं होतं, की आज जमलं तर दर रविवार तुमचा, नाहीतर तो जादूच्या प्रयोगाला देऊन टाकतो.

मग खिळ्या स्वतःच गायला लागला. त्यांची गाणी चाळीस-चाळीस सेकंदांची, शिंक येऊन जाईपर्यंत संपतात. पण खिळ्याचा आवाज असा, की दहाव्या सेकंदाला लोक एकमेकांचे बूट न्याहाळायला लागले. ड्रमर हातोड्या त्याला हळूच म्हणाला, तू ओरडतोयस की माफी मागतोयस तेच कळत नाहीये.

तिकडे घरी वेगळंच रामायण. निघताना घाईघाईत यानं खुंटीवरची आपली किल्ली घेतली आणि आईचीही. आई कचरा टाकायला बाहेर आली आणि मागे वाऱ्यानं दार लागलं. आत गॅसवर सूप, फोनही आतच. आता त्याची आई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या बाई. बत्तीस वर्षं मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचं पोर सरळ केलेलं. घरातल्या सपाता घालून ती तडक हॉलवर.

दारातून हाका मारल्या, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय. पोरं एकमेकांवर आदळत नाचत होती, त्यांना कोपरानं बाजूला सारत ती थेट स्टेजवर चढली. आणि या लोकांची रीत अशी, की स्टेजवर जो चढेल त्याच्यासमोर माईक धरायचा आणि तो जे ओरडेल ते सगळ्यांनी ओरडायचं. बेस गिटार वाजवणाऱ्या बेसवाल्यानं, रीत म्हणजे रीत, माईक धरला.

"किल्ली दे," आई गरजली. "सूप जळतंय."

दीडशे माणसं एका सुरात म्हणाली, सूप जळतंय. हातोड्याचे हात आपोआप चालू झाले.

"दोन-दोन किल्ल्या घेऊन हिंडतोस? वय काय तुझं?"

वय काय तुझं, हॉल दणाणला. मग तिनं खाली बघितलं आणि सवयीनं म्हणाली, "आधी रांगेत उभे राहा सगळे." तू विश्वास ठेवणार नाहीस, पण राहिले. खिळ्यानं गुपचूप किल्ली दिली आणि पोरांनी बाईंना डोक्यांवरून उचलून थेट दारापर्यंत पोचवलं. वरून त्या सांगत होत्या, कोपर वाकवू नका.

घर वाचलं, पातेलं गेलं. हॉलवाला म्हणाला, रविवार तुमचा, पण त्या बाई पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी हातोड्या आणि बेसवाला इस्त्रीचे शर्ट घालून घरी हजर.

"काकू, बँडमध्ये या," हातोड्या एकदाचा बोलला.

"गाणं केवढं असतं?"

"चाळीस सेकंद."

"मग ठीक आहे. मुद्द्याचं बोलावं आणि खाली बसावं." वर अट घातली, सराव सकाळी सहाला, आणि त्याआधी मैदानाला दोन फेऱ्या.

दोघांनी खिळ्याकडे बघितलं. संस्थापक तो, शेवटचा शब्द त्याचा. आणि तेव्हा त्याच्या मनात काय चाललं होतं, हे त्यानंच मला सांगितलं. सतराव्या वर्षी त्यानं बँड काढला तो एवढ्याचसाठी, की घरात आईच्या आवाजापेक्षा मोठं काहीतरी वाजावं. एवढी वर्षं झाली, तसं काही सापडलं नाही.

खिळ्या उठला आणि पलंगाखाली वाकून पळायचे बूट शोधायला लागला, आणि शप्पथ सांगतो, गालातल्या गालात हसत होता. तू असतास तर काय केलं असतंस?