न घेतलेल्या पदवीचे फायदे

"आपण कुठलाही निर्णय भावनेच्या भरात घेत नाही!" असं हिशेबीरावांनी ज्या दिवशी छातीवर हात ठेवून सांगितलं, त्याच दिवशी खरं तर त्यांच्या बायकोनं सावध व्हायला हवं होतं.

हिशेबीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसणाऱ्या या गृहस्थांना ते सहकाऱ्यांनी चिकटवलं होतं. नवे बूट घ्यायचे झाले, तरी दुकानात उभ्या उभ्या किमतीला महिन्यांनी भागून बघणारा माणूस! अशा माणसाच्या डोक्यात सार्वजनिक धोरणाची पदवी घ्यायचं खूळ शिरलं, ते नव्या साहेबांमुळे. साहेब वयानं लहान, पण त्यांच्याकडे ही पदवी होती. हिशेबीराव ज्याला 'पाइप फुटला' म्हणत, त्याला साहेब 'वितरणातील अनियोजित तूट' म्हणत. पाणी दोघांच्याही म्हणण्यानं सारखंच वाहायचं, पण साहेब केबिनमध्ये आणि हिशेबीराव खिडकीत!

फीचा आकडा ऐकला तेव्हा बायको इस्त्री करत होती. ती इस्त्री बंद करून खुर्चीवर टेकली.

"अहो, हे तर आपल्या मोठ्या घराचे पैसे! पोरगी ओट्याला टेकून अभ्यास करते. तिला कधी खोली मिळायची?"

"म्हणून तर आधी चौकशी करायची! रविवारी विद्यापीठानं इच्छुकांना माहितीसाठी बोलावलंय. मी उभा राहणार आणि एकच प्रश्न विचारणार. ही पदवी घेऊन नोकरीत फरक काय पडतो? उत्तर पटलं तर प्रवेश, नाही पटलं तर घरी. विषय संपला!"

"मग मीही येते," बायको म्हणाली. "तुम्हाला काय पटेल याचा भरवसा नाही."

रविवारी तिनं त्यांना मेहुण्याच्या लग्नातला कोट घालायला लावला. चार चांगल्या माणसांत जायचं तर नीट दिसायला नको? कोट पोटावर ड्रमच्या कातड्यासारखा ताणला होता. बटण सुटलं तर समोरच्याचा डोळा जाईल, अशी परिस्थिती! श्वास आखडता घेत हिशेबीराव सभागृहाच्या दाराशी पोचले. तिथे एक मुलगी धावत आली.

"सर, तुम्ही पाणीखात्यातले ना?"

"हो."

"अहो, केव्हापासून तुमची वाट बघतोय!"

हिशेबीराव खूश! नाव नोंदवताना नोकरीची माहिती भरली होती, ती या लोकांनी लक्षात ठेवली. "बघितलंस? याला म्हणतात व्यवस्था!" असं बायकोला सांगेपर्यंत मुलीनं त्यांच्या कोटाला बिल्ला लावला आणि त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं. चष्मा खिशात होता, त्यामुळे बिल्ल्यावर काय लिहिलंय ते त्यांना दिसलं नाही. बायकोला दिसलं. 'माजी विद्यार्थी'. पण तोवर मध्ये माणसांची गर्दी आली, आणि ती बिचारी मागच्या रांगेत जाऊन बसली.

आपल्याला थेट व्यासपीठावर बसवलंय हे हिशेबीरावांना दिवे तोंडावर आले तेव्हा कळलं. विभागप्रमुख बाईंनी माईक हातात घेतला.

"आपल्या विभागातून बाहेर पडून पाणीखात्यात मोठी झेप घेतलेले आपले माजी विद्यार्थी!"

टाळ्या! हिशेबीरावांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे पडदा होता.

"मॅडम," ते पुटपुटले, "जरा घोटाळा झालाय. मी तो नव्हे."

"किती हा नम्रपणा!" बाई माईकवरच म्हणाल्या. आणखी टाळ्या.

पहिल्याच रांगेतला एक तरुण उठला. "सर, फी वसूल झाली का?"

"अहो, मी अजून भरलेलीच नाही!"

सभागृहात कुजबुज उठली. "पूर्ण शिष्यवृत्ती!" बाईंनी लगेच खुलासा केला.

"आणि पदवीमुळे पगार किती वाढला?"

"एक रुपयाही नाही." हिशेबीरावांना घाम फुटला होता, पण खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मी होतो तिथेच आहे. खिडकीत."

"लोकांमध्ये!" बाई गहिवरल्या. "केबिन नाकारून लोकांमध्ये बसणारा अधिकारी!"

आता काय बोलावं? खरं बोलावं तर थोरवी वाढत होती, आणि खोटं बोलायची सोय नव्हती. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "घरच्यांचं काय मत होतं, सर?"

"घरचे मागच्या रांगेत बसलेत," हिशेबीराव बुडत्या माणसानं दोर पकडावा तसे म्हणाले. "त्यांनाच विचारा!"

माईक मागे गेला. बायको उभी राहिली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "हे माजीबिजी कुणी नाहीत. आम्ही चौकशीला आलोय. बाई, एवढंच सांगा, दोन वर्षं आणि घराचे पैसे घातले, तर माणसाला पुढे बरी नोकरी लागते का? हो की नाही?"

सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या. तिथे बसलेल्या प्रत्येकाला हेच विचारायचं होतं! विभागप्रमुख बाई गोंधळल्या, कागद चाळू लागल्या, मग सावरून बोलत सुटल्या. दृष्टिकोन, क्षितिजं, संधींचं बदलतं स्वरूप... हिशेबीराव त्यात 'हो' आणि 'नाही' शोधत राहिले. दोन्ही सापडले नाहीत.

बाहेर चहाच्या टेबलाशी नवरा-बायको तोंड लपवून उभे होते. बायकोला हसू आवरत नव्हतं. इतक्यात एक चुरगळलेल्या शर्टातला तरुण जवळ आला.

"तुम्ही माझ्या खुर्चीत बसला होता. मी खरा माजी विद्यार्थी."

हिशेबीरावांचा चहा कपातच हिंदकळला. "माफ करा हो! मी सांगत होतो, पण कुणी ऐकेचना. तुम्ही उठून बोलायचं ना!"

"नाही बोललो तेच बरं झालं!" तरुणानं इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "मला नक्की काय सांगावं, हेच सुचत नव्हतं. शिक्षण छान होतं, खोटं कशाला बोलू? पाणीखात्याचा एक प्रकल्पही मिळाला. मागच्या महिन्यात तो संपला. आता..." तो घुटमळला. "साहेब, तुमच्या खात्यात एखादी जागा आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी पदवीधर हिशेबीरावांना साहेब म्हणाला होता. आनंद व्हायला हवा होता. पण त्या पोराचा चेहरा बघून तो झाला नाही. शेजारची खिडकी रिकामी आहे, पगार बेताचा आहे, उद्या येऊन भेटा, असं त्यांनी सांगितलं. बायकोनं न विचारताच पोराच्या हातात बिस्किटांची बशी दिली.

घरी पोचेपर्यंत दोघांचं ठरलं होतं. आधी पोरीची खोली. शिकायचंच असेल तर पुस्तकं त्या पोराकडून आणून वाचायची.

कोट उतरवून हिशेबीरावांनी पहिला मोकळा श्वास घेतला, तोच फोन वाजला. विभागप्रमुख बाई!

"तुमच्या बोलण्यानं कमाल केली हो! इतका प्रामाणिक वक्ता आजवर आला नव्हता. तिथल्या तिथे कितीतरी जणांनी प्रवेश घेतला! पुढच्या वेळी याल का? मानधन देऊ." आणि त्यांनी मानधनाचा आकडाही सांगितला.

"मॅडम," हिशेबीराव कळवळून म्हणाले, "बायकोनं सगळ्यांसमोर सांगितलं ना? मी तुमचा माजी विद्यार्थी नाही!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"असं होय! मला वाटलं, त्या विनोद करतायत," बाई म्हणाल्या. "मग एक करा. यंदाच प्रवेश घेऊन टाका. म्हणजे दोन वर्षांनी आम्हाला तुम्हाला रीतसर बोलावता येईल!"

हिशेबीरावांनी फोन ठेवला आणि सवयीनं, अगदी सवयीनंच, मानधनानं फीला भागून पाहिलं. मग बायकोकडे बघून म्हणाले, "वसूल व्हायला एकशेचाळीस भाषणं लागतील."