डोमाजीच्या मनगटावरचे बायकी घड्याळ

१४ जुलै १९७४, रविवार, सकाळचे सव्वासहा. माझ्या फाटकाशी डोमाजी रामटेके उभा होता. मनगटावर सोन्याचा मुलामा दिलेले बायकी घड्याळ. गल्लीला त्याचे नवल उरले नव्हते. पाच आठवडे ती ते पाहत होती.

डोमाजी माझा शेजारी. बांधकाम खात्यात रोड रोलर चालवी. स्वतः वापरल्याशिवाय कोणतीही वस्तू भेट द्यायची नाही, हा त्याचा नियम. "वापरल्याबिगर देनं म्हणजे नवरदेव पायल्याबिगर पोरगी देनं," असे तो म्हणे. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा त्याने मला दिलेली छत्री दोन पावसाळे भिजलेली होती. त्याने भाच्याच्या लग्नात दिलेल्या कुकरला तुरीच्या डाळीचा वास होता. छत्री अद्याप गळत नाही, हे नमूद केले पाहिजे.

त्याची पुतणी सुशीला डॉक्टर झाली. आईबाप गेल्यापासून ती त्याच्याकडेच वाढली. त्याने स्वतः लग्न केले नाही. निकालाच्या दिवशी तो सीताबर्डीवर गेला आणि दुकानातले सर्वांत भारी घड्याळ घेऊन आला. पट्टा त्याच्या मनगटाला पुरेना. त्याने मोच्याकडून चामड्याचा तुकडा जोडून घेतला आणि घड्याळ बांधून रामदासपेठेतला रस्ता दाबायला निघून गेला. रोलरवर टिकले तर दवाखान्यात टिकेल, असे त्याचे म्हणणे. सोबतचे मजूर त्याला डोमाबाई म्हणू लागले. त्याने त्यांच्या नाड्या मोजल्या. डॉक्टरला सेकंदकाटा लागतो, म्हणून तो दिसेल त्याचे मनगट धरी. माझी नाडी पाहून त्याने "चालते" एवढाच निर्वाळा दिला. गिरणीचा भोंगा एकदा अर्धे मिनिट उशिरा वाजला, तेव्हा तो तक्रार घेऊन गिरणीच्या फाटकावर गेला. पहारेकरी भोंग्याविषयी काही बोलला नाही. घड्याळ बायकोचे का, एवढेच त्याने विचारले.

त्या रविवारी नऊच्या गाडीने सुशीला गडचिरोलीला पहिल्या नोकरीवर निघायची होती. डोमाजी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहायला आला होता. वेळ तंतोतंत जुळली. आता देऊन टाक, असे मी सांगितले. आणखी आठ दिवस पाहून पोस्टाने धाडतो, असे तो पुटपुटला.

"खोट काय निघाली?" मी विचारले.

तो पायरीवर बसला. "खोट नाही गुरुजी. चौथ्या दिवशीच समजलं होतं मले."

"मग अडवून का ठेवलेस?"

"हे तिच्या हाती देलं, का मंग तिच्यासाठी कराचं काहीच नाही राहत ना."

मी सदरा चढवला आणि त्याच्यासोबत बसस्थानकावर गेलो.

तिथे त्याने सुशीलेचे मनगट धरले आणि सवयीने आधी नाडी मोजली. पूर्ण एक मिनिट. कंडक्टरने दोनदा हटकले. मग त्याने घड्याळ बांधले. ते सरळ तिच्या कोपरापर्यंत घसरले.

"पट्टा बदलून घेजो वं."

"नाही घेत, मोठेबाबा," ती म्हणाली.

गाडी नऊ वाजून चार मिनिटांनी सुटली. डोमाजीने ती वेळ मला विचारली. मनगट उघडे होते.

संध्याकाळी मी सुनेला दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या, आणि डबा घेऊन शेजारी जेवायला गेलो.