पायलीभर गोळ्यांचा न्याय

सांगून ठेवतो जी, अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात माझ्याइतका न्यायी माणूस तुम्हाला सापडणार नाही! फुशारकी नाही मारत. मी मनिराम, आमच्या गावचा पानकर. पानकर म्हणजे तलावाचं पाणी सगळ्यांच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, वाटून देणारा माणूस. आम्ही कोहळी. पूर्वजांनी तलाव बांधले, आम्ही पाणी वाटतो. एकाची बांधी तुडुंब आणि दुसऱ्याची कोरडी, असं माझ्या हातून कधी झालं नाही. माझ्या स्वतःच्या बांधीला पाणी सगळ्यात शेवटी! पानकराचा रिवाजच आहे तो. त्या रिवाजावरून आमच्या घरी जेवढी भांडणं झाली, तेवढी पंचायतीतही झाली नाहीत.

आणि तरीही नागपूरचे एक मोठे डॉक्टर आज माझं नाव निघालं की कपाळाला हात लावतात. आता यात माझं काय चुकलं ते तुम्हीच ठरवा.

झालं असं की आमच्या सुशीलाबाईचे, म्हणजे माझ्या घरवालीचे, गुडघे गेले. उठताना असा कडकड आवाज व्हायचा, की परसात कोणी लाकूड फोडून राहिलं असं वाटावं! दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "रोवणीच्या आधी ऑपरेशन करून घ्या."

"मरीन, पण पाय कापू देणार नाही!" ती म्हणाली.

"अवं, कापत नाहीत. गुडघ्याची वाटी बदलतात."

"वाटी बदलायची हौस असन तं भांड्याच्या दुकानात जा!"

तोंडानं अशी फटाका, पण संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून रडत होती. दरवर्षी आमच्या बांधीत रोपांची पहिली जुडी तिच्या हातानं लागते. ती म्हणे, "औंदा मी पाळीवर बसून पाहीन, अन् रोवणी दुसऱ्या करतीन." त्याच वेळी मी ठरवलं. काय वाट्टेल ते होवो, ही बाई यंदा रोवणीला उभी राहिली पाहिजे!

आणि देवाला काळजी! आठच दिवसांत गावात डॉक्टर हर्षा आल्या. फुलचूरकडच्या, वयानं लहान, बोलायला गोड. गुडघेदुखीवर नवी गोळी निघाली होती, तिचं संशोधन त्या गावोगाव करून राहिल्या होत्या. ज्याचे गुडघे दुखतात त्यानं नाव द्यायचं. नावं द्यायला एवढी गर्दी झाली, की ज्यांना घरी सोडायला बैलगाडी लागते ते बिसरामबुवा पायी पळत आले!

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. "प्रत्येकाला नंबर लिहिलेली डबी मिळेल. रोज सकाळी आपल्याच डबीतली एक गोळी घ्यायची. अर्ध्या डब्यांत खरं औषध आहे. अर्ध्यांत तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी आहे."

"मंग कोणाले खरी अन् कोणाले खोटी?" बिसरामबुवांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही."

"तुमालेच नाही माहीत, तं आमी गिळाव कायच्या भरोशावर?"

सगळे हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. म्हणाल्या, कुणालाच माहीत नसणं हीच तर गंमत आहे, त्याशिवाय औषधाचा गुण खरा की मनाचा खेळ ते कळत नाही. लोकांनी माना डोलावल्या, अंगठे-सह्या केल्या. मग त्या म्हणाल्या, "गावात रोज आठवण द्यायला एक भरवशाचा माणूस पाहिजे." सगळ्या गावानं एका सुरात माझं नाव घेतलं. छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटलं!

पण घरी आलो आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना खोटी? म्हणजे अर्ध्या बांध्यांना पाणी, अर्ध्यांना नुसता वारा! आणि सुशीलाबाईच्या डबीत वारा निघाला तर? खरी डबी कोणती हे कळलं असतं तरी मी तिला देऊ शकलो नसतो. पानकराच्या घरात आधी पाणी? छे! जीभ झडली तरी चालेल.

डब्या वाटल्या आणि दुसऱ्याच दिवशी टेकचंद आला. हा माझा शेजारी. याला स्वतःच्या ताटापेक्षा दुसऱ्याचं ताट आधी दिसते. म्हणाला, "मनिरामभाऊ, माह्या डबीतली खोटी हाय. कालपासून दोन खाल्ल्या, गुडघा तसाच! पलीकडची रुख्मावहिनी पाहा कशी चालून राहिली. तिची खरी हाय. हा अन्याय हाय का नाही?"

झालं! अन्याय शब्द माझ्या कानावर पडला की मला काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डब्या गोळा केल्या. घरातली पायली घेतली, तीच धान मोजायची, स्वच्छ पुसली. सगळ्या डब्या तिच्यात रिकाम्या केल्या. हात घालून असं झकास ढवळलं, जसं लग्नाच्या पंगतीतलं वांग्याचं भरीत! आता प्रत्येकाच्या वाट्याला कधी खरी, कधी खोटी. कुणी उपाशी नाही, कुणी तुपाशी नाही. टेकचंदानं तर माझे हातच धरले. "भाऊ, तुमी डॉक्टर व्हायले पाहिजे होते!"

वाटप कुठं करायचं? जिथं पाण्याचं होते तिथंच, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रोज सकाळी सगळे गुडघेवाले गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कण्हत-कुंथत चालत यायचे. रांग लागायची. मी पायलीत हात घालायचो आणि एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवायचो.

"मले घरीच आणून द्या ना," सुशीलाबाई म्हणाली. "माह्या गुडघ्यात जीव नाही अन् तुमी मले पाळीपर्यंत चालवता?"

"पानकराच्या बायकोले घरपोच? लोकं काय म्हणतीन?"

"लोकांचा गुडघा नाही, माहा गुडघा दुखते!"

"चाल!" मी म्हटलं. न्याय म्हणजे न्याय. ती रोज मला शिव्या देत यायची, रोज मला शिव्या देत जायची. येताना जास्त, कारण पाळीचा चढ आहे.

आणि काय सांगू! महिना-दीड महिन्यात चमत्कार! बिसरामबुवांनी बैलगाडी विकायला काढली. रुख्मावहिनी पाळ चढून बायकांशी भांडायलासुद्धा दम राखून ठेवायला लागली. आणि सुशीलाबाई? तिच्या शिव्यांमध्ये धाप राहिली नाही! एक दिवस पाहतो तर ती उकिडवी बसून अंगण सारवून राहिली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "कायले रडता? शेण संपलं, घेऊन या."

एवढंच काय, आमचा म्हातारा कोंबडा, ठाणेदार नाव त्याचं, कित्येक दिवसांपासून लंगडत होता, तोसुद्धा छपरावर उडून बांग द्यायला लागला. मी म्हटलं, घरात आनंद असला की जनावरालाही कळते!

मग डॉक्टरीणबाई येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या. मी आपला निवांत. आणि एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज कापत होता.

"मनिरामकाका, नागपूरहून आमचे मोठे सर येऊन राहिले. तुमच्या गावाचा रिपोर्ट पाहून सगळे हादरलेत. असा रिपोर्ट आजवर कुणी पाहिला नाही म्हणतात. सरांना आधी तुम्हालाच भेटायचं आहे."

तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय होते? सत्कार! दुसरं काय?

मी गावात दवंडी दिल्यासारखं सांगितलं. टेकचंदानं मांडव घातला. शाळेतून माइक आणला. शाल-श्रीफळ त्यांनी आणलं नाही तर पंचाईत नको, म्हणून तेही आपणच आमगावहून आणून ठेवलं. सुशीलाबाई म्हणाली, "त्या पोरीचा आवाज रडका होता म्हणता, अन् सत्कार कायचा?" मी म्हटलं, "आनंदानं माणूस रडते, तुले काय समजते!"

गाडी आली. मोठे सर उतरले. चेहरा असा, जसं कारलं चावून राहिले. मागून डॉक्टरीणबाई, डोळे सुजलेले. मांडव पाहून दोघं जागीच थांबले. टेकचंदानं सरांच्या गळ्यात हार घातला, आणि माझ्याही घातला, आणि वेळ न घालवता माइक माझ्या हातात दिला!

मग काय! मी सुटलो.

"आदरणीय साहेब! तुमच्या डब्यांत अन्याय होता. अर्ध्याले औषध, अर्ध्याले ठेंगा! पण या मनिरामानं तो अन्याय होऊ देला नाही. सगळ्या डब्या या पायलीत रिकाम्या केल्या, या हातानं ढवळल्या, अन् सगळ्यायले सारख्या वाटल्या! आज गावात एकही माणूस असा नाही, ज्याच्या पोटात खरं औषध गेलं नाही!"

गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. मोठे सर खुर्चीवर बसले. म्हणजे बसले काय, पडलेच! डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, भारावल्या.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "खोट्या गोळीवाल्यांच्याही रक्तात औषध सापडलं. आम्हाला वाटलं कारखान्यानं डब्या चुकीच्या भरल्या. सगळ्या गावांचं संशोधन थांबणार होतं. माझी इतक्या दिवसांची मेहनत मातीत जाणार होती! मी रात्र-रात्र रडले."

माझा हार एकदम जड झाला.

"पण बाई, न्याय..."

"काका, नवं बियाणं आलं की तुम्ही काय करता?"

"एका बांधीत नवं पेरतो, बाजूच्या बांधीत जुनं. मंग पाहतो कोणतं जास्त पिकते."

"आणि दोन्ही बियाणं एकत्र ढवळून सगळ्या बांध्यांत फेकलं तर?"

मी हळूच गळ्यातला हार काढला. सत्तर वर्षांच्या बिसरामबुवांनी मागून मोठ्यानं म्हटलं, "घ्या! या पानकरानं तं आमचं पार भरीत केलं!"

मोठ्या सरांनी कपाळावरचा हात काढला. "एक गोष्ट अजून समजली नाही. सगळ्यांच्या रक्तात औषध आहे, फक्त एकीच्या नाही. आणि तपासणीत सगळ्यात जास्त गुण तिलाच आला आहे! सुशीलाबाई कोण?"

सगळा मांडव माझ्या घरवालीकडे वळला. ती पदर सावरून उभी राहिली. उभी राहताना कडकड आवाज आला नाही, हे माझ्या कानांनी बरोबर टिपलं.

"मी एकही गोळी खाल्ली नाही," ती म्हणाली.

"काऊन?" मी किंचाळलो. माइक चालूच होता!

"हा माणूस तलावाचं दार उघडते, हाताले कोपरापर्यंत चिखल, अन् त्याच हातानं पायलीतली गोळी देते! कोण खाईन? पदरात बांधून घरी आणत होती अन् कोंड्यात कुस्करून कोंबड्यायले टाकत होती."

"मग गुडघा बरा कसा झाला?" सरांनी विचारलं.

"या माणसानं रोज पाळीवर चालवलं ना! चढ चढून-चढून झाला मोकळा. पयल्या दिवशी वाटलं मरतो, मंग वाटलं याले मारतो, मंग सवय झाली."

सर पहिल्यांदा हसले. डॉक्टरीणबाईंनी तिथंच तिचा गुडघा हलवून पाहिला, मग मोठ्या सरांनी पाहिला. म्हणाले, चालणं सोडू नका, सध्या तरी ऑपरेशनची घाई नाही. सुशीलाबाईनं ऐकलं आणि मांडवातच माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. सगळ्या गावासमोर! मी इतका गोंधळलो, की सरांसाठी आणलेली शाल तिच्याच अंगावर टाकली.

आमचं गाव संशोधनातून बाद झालं. बाकीच्या गावांचं सुरू राहिलं, डॉक्टरीणबाईंची मेहनत वाचली. पायली पुसून धानाजवळ गेली, उरलेल्या गोळ्या सरांच्या गाडीत गेल्या. आणि आषाढात आमच्या बांधीत रोपांची पहिली जुडी सुशीलाबाईनं लावली. कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून. मी पाळीवरून पाहत होतो. शपथेवर सांगतो, मोठ्या सरांनी खरोखर सत्कार केला असता तरी एवढं बरं वाटलं नसतं.

पण किस्सा इथं संपत नाही. गोळ्या बंद झाल्या आणि पंधरा-वीस दिवसांनी पाहतो तर ठाणेदार पुन्हा लंगडून राहिला! छपरावर उडणं बंद, बांग उकिरड्यावरून. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे औषध खरं होतं! गोळ्या होत्या तोवर कोंबडा उडाला, गोळ्या गेल्या, कोंबडा बसला. अख्ख्या गावात एकच पक्का पुरावा, आणि तो माझ्या अंगणात!

लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, एका कोंबड्यावरून काही सिद्ध होत नाही. त्याच्यासोबत गोळी न खाल्लेला दुसरा कोंबडा असता, तर काहीतरी म्हणता आलं असतं."

"हाय ना!" मी ओरडलो. "रुख्मावहिनीचा हाय! तोही म्हातारा, तोही लंगडा, दिवसभर आमच्याच अंगणात असते. त्याले कोणी कायले गोळी टाकीन? थांबा, आता पाहतो!"

धावत अंगणात गेलो. रुख्मावहिनीचा कोंबडा उकिरड्यावर होता. तोही लंगडत होता. आणि आठवलं, मध्यंतरी तोही आमच्या छपरावर दिसायचा!

"अवं," मी सुशीलाबाईला विचारलं, "गोळीचा कोंडा तू फक्त ठाणेदारालेच टाकत होती ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या माहेरावर चोरीचा आळ घेतला.

"एकालेच कायले टाकीन? लंगडे तं दोघंही होते! अर्धा त्याले, अर्धा याले. पानकराची बायको हाव मी!"