शाबाकाकांचा चौघांचा दरबार

मिश्र भाजी वाढली की शाबाकाका ताटाकडे बघून आधी विचारतात, "हेच्यात राजा कोण?" एका लग्नात त्यांनी खतखत्याच्या टोपाशी उभं राहून हेच आचाऱ्याला विचारलं. इतक्या भाज्या एकत्र शिजवणाऱ्या त्या माणसाने झारा उगारला, तरी काका उत्तरासाठी थांबून!

काका गोव्यातल्या मांद्र्याचे, माझे घरमालक. उमर बोटीवर गेली. तिथे एका चिनी आचाऱ्याने त्यांना आपल्या देशातल्या काढ्याचं गुपित सांगितलं: औषधात एक राजा, मग प्रधान, शिपाई आणि वाटाड्या. काकांनी त्याचा अर्थ धरला, चारच वस्तू. पाचवी पडली की, "तां वखद न्हय, खतखतां."

त्यांची थोरली बहीण, पार्से गावात दिलेली आक्का, गावठी औषधं देते. तिच्या काढ्यात परसातलं हिरवं दिसेल ते पडतं. यावरून दोघांचं असं वाजलं की बोलणंच बंद.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच; पुढे इथल्या एका गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात टिकलो. यंदा खोकला लागला. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे, गोळ्याही दिल्या, पण खोकला हटेना. गेस्टहाऊसच्या मालकाने सांगितलं, सीझन तोंडावर आलाय, रविवारपर्यंत बरा हो, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

काकांना मात्र हुरूप चढला. अडुळसा राजा, सुंठ प्रधान, मिरी शिपाई. ज्येष्ठमध वाटाड्या, "हो सगळ्यांचो हात धरून गळ्यापर्यंत व्हरता." मी प्यायलो की ते माझ्या गळ्याकडे असे बघत बसायचे, जणू आतून प्रधान हात हलवणार आहे. मी खोकलो की तोंड उतरायचं. "शिपाय कमी पडलो," म्हणायचे, पण दुसरा घालायचे नाहीत. कायदा तो कायदा.

शुक्रवारी काका दिवसभर गायब. संध्याकाळी काढा आला आणि पहिल्याच घोटाला माझी जीभ चमकली. तुळस, ओवा, दालचिनी, आणखीही काहीबाही!

"काका, दरबार वाढलाय."

ते खांबाला टेकले आणि हसतच सुटले. बस पकडून पार्शाला गेले होते. आक्काने चिनी कायदा ऐकून घेतला आणि म्हणाली, "शाबा, राजा एक, मानलां. पण दरबारात शिपाय एकच आसता रे पिशा? हे हुद्दे चार, माणसां चार न्हय." इतकी वर्षं आपल्याला हे सुचलं नाही, याचीच काकांना मोठी गंमत वाटत होती.

रविवारी मी न खोकता फोडणी दिली. मालकाने मासळीची टोपली माझ्याकडे सरकवली.

मग मी आक्काचे पाय धरायला पार्शाला गेलो. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू काय तो? 'घरचो माणूस खोकता, आक्का' म्हणान सांगलान माका. बायको गेल्यापासून तेच्या घरात कोण नाय, माका खबर आसा." ती चुलीकडे वळली. "पण मी परत विचारूक नाय. बाटली भरून दिलंय."