तीन पिकअप आणि एक गुणगुण

दातांच्या डॉक्टरांनी डोक्याला भिंग बांधलं, दवाखान्यातून आणलेला छोटा आरसा गिटारच्या पोटात घातला आणि सवयीनं म्हणाले, "मोठ्ठा आ करा बघू." आपण कुणाशी बोललो हे लक्षात आल्यावर त्यांनी हळूच मान वर केली. दारात बायको उभी होती.

"तिला भूल दिलीस का आधी?" तिनं विचारलं.

"थट्टा पुरे. आज निकाल लावायचाच आहे."

निकाल लागायचा होता तीन पिकअपचा. पिकअप हा इलेक्ट्रिक गिटारचा कान. चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली एक लांबट डबी. वर गिटारची तार थरथरली की ती थरथर टिपायची आणि स्पीकरकडे धाडायची, एवढंच त्याचं काम. डॉक्टरांना हवा होता एका गुंडाळीचा, कारण त्याचा आवाज कसा लख्ख, नुकत्याच साफ केलेल्या दातांसारखा. दुकानदारानं तीन तऱ्हेचे घरी न्यायला दिले होते. एक ठेवायचा, उरलेले उद्या परत. डॉक्टरांनी तोवर त्यांचं बारसंही उरकलं होतं. लख्ख, मवाळ आणि राकट.

उद्याची मुदत एकीकडे आणि आज संध्याकाळची सभा दुसरीकडे. इमारतीच्या समितीनं सभा बोलावली होती आणि तिच्यापुढे विषय एकच होता, डॉक्टरांची गिटार. अध्यक्ष होत्या तळमजल्यावरच्या बाई. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्त झाल्याचं त्यांच्या आवाजाला कुणी कळवलं नव्हतं. त्यांची तक्रार मात्र विचार करायला लावणारी होती.

"गाणं वाजतं ते मी सहन करते, डॉक्टर," त्या जिन्यात म्हणाल्या होत्या. "निदान काय सहन करायचं ते समजतं. पण तुम्ही वाजवायचं थांबता तेव्हा ते गुंऽऽ चालू राहतं, ते काय आहे?"

आता या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळच्या आत मिळवायचं होतं, नाहीतर गिटार विकायची वेळ येणार होती. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून पाठीचा कणा दुखायला लागला की संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवून ताठ उभं राहायचं, हेच त्यांचं सुख होतं. ते जाणार म्हणजे उरणार फक्त दात.

त्यांनी आधी लख्ख बसवला. दर वेळी कथील वितळवून डाग द्यायला नको म्हणून वायरींना छोटे चिमटे लावून ठेवले होते. तारा सुरात आणल्या आणि छेडल्या. सूर उमटला तो अगदी स्वच्छ, आणि त्याच्या मागून एक जाडजूड गुंऽऽऽ आलं. सूर विरला. गुंऽऽऽ विरलं नाही.

मवाळ लावला. गुणगुण गोड झाली, पण होती तेवढीच. राकट लावला, तर गुणगुण आधी आली आणि सूर तिच्या परवानगीनं मागून आला.

डॉक्टरांनी दुकानात फोन लावला. "तिन्ही बिघडलेत तुमचे!"

"बिघडलेले नाहीत, डॉक्टर," दुकानदार म्हणाला. "एका गुंडाळीचा पिकअप तारेबरोबर आसपासच्या विजेची गुणगुणही उचलतो. तुम्ही दोन गुंडाळ्यांचा का घेत नाही? एकदम गप्प असतो."

"दोन गुंडाळ्यांचा म्हणजे भूल दिलेल्या जिभेनं गाणं म्हणण्यासारखं! मला नको तो."

"मग घरात काय काय चालू आहे ते एकेक करून बंद करून बघा."

दुकानदारानं हे सहज सांगितलं आणि फोन ठेवला. पुढे काय होणार याची त्या भल्या माणसाला काय कल्पना!

डॉक्टरांनी ट्यूबलाइट बंद केली. गुणगुण तसूभर कमी झाली. त्यांना हुरूप आला. मग पंखा. मग फ्रिज. मग कपडे धुण्याचं यंत्र, ज्यात त्या वेळी बायकोच्या पोहण्याच्या वर्गाचे सगळे टॉवेल साबणाच्या पाण्यात तरंगत होते. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जायचा.

"यंत्र कुणी बंद केलं?"

"दोन मिनिटं! ऐक, मी असा वळलो की जास्त येते आणि असा वळलो की कमी." गिटार गळ्यात घालून डॉक्टर दिवाणखान्यात गोल फिरत होते. फिरत फिरत ते न्हाणीघराच्या दारासमोर थांबले. "इथे! इथे जवळपास नाहीच!"

"म्हणजे कार्यक्रमात तू बाथरूमकडे तोंड करून वाजवणार?"

"प्रेक्षकांना तिकडे बसवता येईल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांची नजर टीव्हीवर गेली.

टीव्हीसमोर सासरे बसले होते. सामना अशा टप्प्यावर होता की सासऱ्यांनी पाय खुर्चीवर घेतले होते आणि ते खाली ठेवायला तयार नव्हते, कारण पाय हलले की गडी बाद होतो असा त्यांचा अनुभव होता.

"बाबा, एक क्षणभर—"

"जावईबापू, हात लावून तर बघा."

हात लावायची गरज पडली नाही. डॉक्टरांनी सरळ मेन स्विचच खाली ओढला. टीव्ही गेला, पंखे गेले, घर चिडीचूप झालं. सासऱ्यांचे पाय जमिनीवर आले.

आता स्पीकर कसा चालणार? तर डॉक्टरांकडे बॅटरीवर चालणारा, पट्ट्याला अडकवायचा एक छोटा स्पीकर होता. सहलीला न्यायला म्हणून घेतला होता आणि बायकोनं प्रत्येक सहलीच्या वेळी पिशवीतून बाहेर काढून ठेवला होता. तो त्यांनी जोडला, बटण फिरवलं.

गुंऽऽऽ.



"मॅच गेली," सासरे सावकाश म्हणाले. "पंखा गेला. आणि जे जायला हवं होतं ते इथेच?"

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. बायको मात्र भुवया आकसून त्या छोट्या स्पीकरकडे बघत होती.

"अरे, थांब. आपली वीज तर बंद आहे. मग ही गुणगुणतेय ती कुणाची?"

डॉक्टरांनी मान वर केली. दवाखान्यात हे रोजचंच होतं. दुखतो एक दात आणि किडलेला निघतो दुसराच. आपण इतका वेळ भलताच दात ठोकत बसलो होतो!

"चल," ते उठले. "मूळ शोधायचं."

दार उघडून ते जिन्यात आले, तशी गुणगुण वाढली. पुढे गिटार सरसावून डॉक्टर, मागे स्पीकर हातात धरून बायको, आणि सामना बुडाल्यामुळे कामधंदा न उरलेले सासरे बनियनवर. वरच्या मजल्यावरचे वकील कठड्यावरून वाकले.

"कसली मिरवणूक?"

"वकीलसाहेब, जरा तुमचा मेन स्विच बंद करता का?"

"कुठल्या कलमाखाली?"

"बंद करा हो!" डॉक्टरांच्या बायकोचा आवाज जिनाभर घुमला आणि वकिलांनी कलम न विचारता स्विच बंद केला. गुणगुण कमी झाली नाही. कुतूहलानं वकीलही खाली उतरून मिरवणुकीत सामील झाले.

एकेक पायरी उतरावी तशी गुणगुण वाढत चालली. तळमजल्यावर पोचेस्तोवर स्पीकर हातात थरथरायला लागला. समोर बाईंचं दार होतं, आणि ते कुणी न वाजवताच उघडलं.

"सभा संध्याकाळी आहे, डॉक्टर. मोर्चा आत्ताच?"

"बाई, तुमची भिंत ऐकायची होती."

"माझी काय ऐकायची होती?"

"भिंत."

बाईंनी एकदा डॉक्टरांच्या डोक्यावरच्या भिंगाकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांच्या बनियनकडे पाहिलं, आणि बहुधा सगळ्यांना आत बसवून उलटतपासणी घ्यावी असं ठरवून त्या बाजूला झाल्या.

आत भिंतीला लागून पुस्तकांचं मोठं लाकडी कपाट होतं. त्याच्या शेजारच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ टेकून एक गलेलठ्ठ मांजर झोपलं होतं. डॉक्टर खिडकीकडे वळले, गुणगुण उतरली. कपाटाकडे वळले, चढली. मांजराच्या डोक्यावर गिटार नेली, तर स्पीकरनं अशी काही डरकाळी फोडली की वकील दोन पावलं मागे सरले. मांजरानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"तिला उठवायचं नाही," बाई म्हणाल्या. "हल्ली तिला तेवढीच जागा आवडते. मऊ गादी करून दिली, तिकडे ढुंकून बघत नाही."

डॉक्टरांच्या बायकोनं वाकून मांजराच्या वरच्या बाजूला भिंतीला तळहात लावला आणि झटकन काढून घेतला.

"गरम आहे."

"ऊन येत असेल," बाई म्हणाल्या.

"बाई," वकील खाकरले, "ही आतली भिंत आहे."

डॉक्टर आणि वकील यांनी मिळून कपाट थोडं पुढे ओढलं. मागचा रंग फुगून तपकिरी झाला होता आणि एका पुस्तकाच्या मागच्या बाजूला करपल्याचा वास येत होता.

"सगळे मागे व्हा! भिंतीला कुणी हात लावायचा नाही!" तलावाच्या काठावरचा आवाज निघाला. सगळे मागे झाले. बाईसुद्धा. मांजराला बायकोनं मानगूट धरून उचललं, तेव्हा इमारतीत पहिल्यांदाच कुणीतरी बाईंची आज्ञा मोडली आणि बाईंनी ती मोडू दिली.

इलेक्ट्रिशियन आला. त्यानं आधी सगळ्या इमारतीची वीज बंद केली आणि मग भिंत फोडली. आतून गच्चीवरच्या टाकीच्या पंपाची वायर गेली होती. वरून पाणी झिरपून झिरपून तिचं आवरण सडलं होतं आणि वीज ओल्या भिंतीत मुरत होती. त्यानं काळा पडलेला तुकडा कापून बाईंच्या हातात ठेवला.

"नशीब बघा. आणखी थोडे दिवस असंच राहिलं असतं ना, तर हे कपाट पेटलं असतं आणि त्याच्या पाठोपाठ जिना. वरून दिसत तर काहीच नाही. शोधलं कुणी?"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"पिकअपनं," डॉक्टर नम्रपणे म्हणाले.

"पिकअपनं?" इलेक्ट्रिशियननं दारातून रस्त्याकडे मान लांबवली. "गाडी आतपर्यंत आणली होती?"

नवी वायर ओढेपर्यंत वीज येणार नव्हती. खोल्यांमध्ये उकडायला लागलं, तसं एकेक कुटुंब जिन्यात येऊन पायऱ्यांवर बसलं. बातमी तोवर चौथ्या मजल्यापर्यंत पोचली होती आणि पोचता पोचता तिच्यातल्या ज्वाळा चांगल्याच उंच झाल्या होत्या. बाईंनी तो काळा तुकडा कठड्यावर ठेवला. मग त्यांनी टाळी वाजवली.

"सगळे जमलेच आहेत, तर सभा सुरू झाली असं समजा. विषय, डॉक्टरांची गिटार." बाईंनी पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्ची मागवली आणि त्या तिच्यावर बसल्या. "डॉक्टर, वाजवा."

"आता?"

"तुम्हाला तीनपैकी एक निवडायचा आहे असं तुमच्या मिसेस सांगत होत्या. मग निवडायला नको?"

डॉक्टरांनी लख्ख जोडला आणि बटण फिरवलं. काहीच ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं स्पीकर बिघडला. त्यांनी कान लावला, बटण पूर्ण फिरवलं. जिन्यात फक्त माणसांचे श्वास होते. गुणगुण गेली होती.

त्यांनी तार छेडली. सूर निघाला आणि एकटाच वर चढत गेला, मजल्यामागून मजला, आणि पार गच्चीच्या दाराशी जाऊन विरला. डॉक्टरांनी इतकी वर्षं गिटार वाजवली होती, पण आपली गिटार ते आज पहिल्यांदा ऐकत होते. पुढचा सूर जरा चुकला, तरी कुणी हसलं नाही.

"पुढचा," बाई म्हणाल्या. "आणि तोच तुकडा वाजवायचा, तेवढ्याच जोरानं. तुलना म्हणजे तुलना. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा. कुठला लावलाय ते बघायचं नाही."

अख्खी इमारत भिंतीकडे तोंड करून बसली. डॉक्टरांनी मवाळ वाजवला, राकट वाजवला, पुन्हा उलट क्रमानं वाजवले, आणि मग जो काही गोंधळ उडाला तो कुठल्याही सभेत उडाला नव्हता.

"पहिलाच खरा! काच वाजल्यासारखा!"

"काच कसली, टोचतो तो. दुसरा ऐका, कसा पोटात शिरतो!"

"जावईबापू, तिसऱ्याचा रिप्ले दाखवा."

"माझी हरकत नोंदवा," वकील ओरडत होते. "दुसऱ्याच्या वेळी कुणीतरी शिंकलं. पुन्हा सुनावणी झाली पाहिजे!"

डॉक्टरांची बायको राकटच्या बाजूनं भांडत होती. हीच बायको सकाळपर्यंत तिन्ही पिकअप खिडकीतून फेकायला निघाली होती. डॉक्टर गिटार पोटाशी धरून मधोमध उभे होते, ताठ, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की त्या अंधुक जिन्यात दिव्याची उणीव भासत नव्हती.

इतक्यात खालून इलेक्ट्रिशियनची हाक आली. "झालं काम! लाइट देऊ का?"

"नको!" सगळा जिना एका आवाजात ओरडला.

"खबरदार बटणाला हात लावाल तर," बाई कठड्यावरून खाली वाकून कडाडल्या. "निकाल लागायचाय अजून."

पक्कड खिशात घालत इलेक्ट्रिशियन वर आला, सासऱ्यांना जरा सरकायला सांगून त्यांच्या पायरीवर बसला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"पहिल्यापासून वाजवा, डॉक्टर," तो म्हणाला. "कामाच्या नादात माझे दोन ऐकायचे राहिलेत."