जड तीच बॅटरी चांगली

कुंभकोणमच्या पेठेत पितळेचा हंडा नुसत्या टिचकीनं ओळखणारा माणूस एकच, तो म्हणजे मी, व्यंकोजीराव! वीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवतोय. टिचकी मारायची, नाद ऐकायचा, हातात तोलायचं. जड ते चांगलं, हलकं ते फसवं! एवढं ज्याला कळतं, त्याला रेडिओची बॅटरी आणणं काय अवघड?

पण बायकोला, विजयलक्ष्मीला, पटेल तर शपथ! तिचं गाणं तिरुच्चीच्या रेडिओवर पहिल्यांदाच लागणार होतं, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला. आमच्या गल्लीत अजून वीज नाही, रेडिओ बॅटरीवरचा, आणि नेमकी त्याच आठवड्यात बॅटरी संपली. तिकडं गायला निघताना, आगगाडीत चढता चढता ती म्हणाली,

"अहो, जुनी बॅटरी दुकानात दाखवा आणि तसलीच आणा. आणि हे बघा, काही उघडू नका!"

"अगं, मी काय लहान आहे?"

ती नुसती हसली.

खरं सांगतो, उघडायचा विचार नव्हता. पण अख्खा रेडिओ बोलता करणाऱ्या त्या खोक्यात असतं तरी काय, हे बघायला नको? सुरीनं पुठ्ठा कापला. आत बोटाएवढ्या बॅटऱ्या, ओळीनं चिकटवलेल्या! मोजल्या, तर साठ! एक फोडली, काळी भुकटी. दुसरी फोडली, काळीच. दहावीसुद्धा काळीच निघाली. तोवर पुठ्ठ्यावरचे आकडे त्या राड्यात दिसेनासे झाले होते.

मग काय, शुक्रवारी दुपारी हात हलवत कृष्णमूर्तीच्या रेडिओच्या दुकानात गेलो.

"किती व्होल्टची?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"व्होल्टचं राहू द्या हो! सगळ्यात जड कुठली?"

"राव सार, बॅटरी तोलून घेत नाहीत! जुनी आणा, नाहीतर रेडिओच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचून या."

मी तोवर फळीवरच्या एकेका बॅटरीला टिचकी मारत होतो. सगळ्या पुठ्ठ्याच्या, नाद शून्य! खाली कोपऱ्यात मात्र एक काळी पेटी दिसली. उचलताना कंबर करकरली. व्वा! याला म्हणतात माल!

"अय्यो, ती मोटारीची आहे!"

"मग उत्तमच की! जी मोटार चालवते, तिला माझा रेडिओ जड जाणार?"

कृष्णमूर्तीनं कपाळावर हात मारला. तो नको नको म्हणत राहिला, पण मी ऐकतोय कुठला! पेटी सायकलवर बांधून घरी आणली. वाटेत तिच्यातलं पाणी धोतरावर हिंदकळलं आणि धोतराची चाळणी झाली.

सहा वाजले. ओसरीवर चटया अंथरलेल्या. गल्लीतल्या वीस जणांना आमंत्रण दिलेलं, पट्टीश्वरमहून सासूबाई यायच्या होत्या. आणि आला कोण? एकटा शेजारचा वैद्यनाथ! तोही चपला न काढता पायरीवर उभा.

"बस ना रे!"

"असू दे. तुमचं चालू द्या."

रेडिओच्या तारा चार, बॅटरीच्या खुंट्या दोन. सरळ हिशेब आहे! दोन-दोन तारा एकत्र पिळल्या आणि खुंट्यांना गुंडाळल्या. बटण फिरवलं. रेडिओतल्या काचेच्या नळ्या अशा लख्ख पेटल्या म्हणता! इतका उजेड त्यांनी जन्मात दिला नव्हता. मग टिक्, टिक् करत एकेक विझली. जळका वास सुटला. विजयेचं पहिलं गाणं, आणि मीच ऐकणार नाही?

"झालं?" वैद्यनाथनं शांतपणे विचारलं. "मग चला. नगरपालिकेच्या बागेत रेडिओ आहे."

तसेच धावलो. बागेत पाहतो तर काय, आमची उरलेली एकोणीसच्या एकोणीस माणसं गवतावर ऐसपैस बसलेली! पुढं सासूबाई, त्रिपुरसुंदरीबाई, चटई टाकून. चटईचा अर्धा भाग रिकामा.

"या जावईबापू! तुमची जागा धरून ठेवलीय. विजयेनं जातानाच सगळ्यांना सांगितलं होतं, 'तुम्ही बागेतच बसा. ह्यांचं बॅटरीचं सव्वासहापर्यंत आटपेल, मग वैद्यनाथ घेऊन येईल.'"

मी त्या रिकाम्या अर्ध्या चटईवर बसलो. तेवढ्यात खांबावरच्या कर्ण्यातून तिचं नाव आलं, मग तिचा सूर! काय सांगू, डोळे भरून आले हो! अख्खी बाग गप्प झाली होती.

आणि तेव्हाच मनात आलं, एवढा मोठा आवाज देणाऱ्या या रेडिओच्या आत असेल तरी काय? जरा जवळ जाऊन बघावं, म्हणून हळूच उठलो.

"बसा!" वीस जण एका सुरात ओरडले.

बसलो.