शेवट सांगण्याचं स्टूल

आप्पा बोरस्ते आमच्या सातपूरच्या वाचनालयात वीस वर्षं काउंटरला आहेत आणि त्यांना एकाही पुस्तकाचा शेवट ठाऊक नाही. "शेवटची पंचवीस पानं आपण वाचत नाय," हे ते वर अभिमानाने सांगतात.

वाचतात तेही तपकीर ओढत. त्यामुळे आप्पांच्या हाताखालून गेलेलं पुस्तक उघडलं की वाचक आधी शिंकतो. तरी ते सुचवतील ते पुस्तक जातंच. पहिली पाळी सुटून आलेला कामगार नुसता पेपर चाळायला टेकला, तरी आप्पा सुरू. "बाई लेकराला घेऊन निघाली. स्टँडवर आली. अन् समोर कोण उभा?" इथं पुस्तक मिटायचं.

"कोण उभा?"

"मला काय ठाऊक? तुम्ही वाचा अन् मला येऊन सांगा."

माणूस पुस्तक परत करायला आला की आप्पा स्टूल पुढे सरकवतात. "टेका. काय झालं बाईचं?" मग अर्धा तास सगळी कारकुनी माझ्या गळ्यात.

मी मात्र लेखक, पुरस्कार, पानं, सगळं व्यवस्थित सांगते आणि लोक "बघतो नंतर" म्हणून निघून जातात. त्यामुळे वाचकांना पुस्तकं कशी सुचवावीत याचं प्रशिक्षण आम्हाला लागलं, तेव्हा आता आप्पांची जिरणार म्हणून मी खूश होते.

प्रशिक्षणाच्या मॅडमनी पडद्यावर बाण काढून वाचकाची आवड ओळखायला शिकवलं. मग म्हणाल्या, "समजा, मी वाचक. सुचवा मला पुस्तक." आप्पांनी बाईला स्टँडवर आणून उभं केलं आणि खाली बसले. जेवणाच्या सुट्टीत मॅडम कोपऱ्यात ते पुस्तक वाचत शिंकत होत्या.

पण जाताना त्या एक सूचना करून गेल्या. दाराशी परतीची पेटी ठेवा, वाचकांचा वेळ वाचेल. कधी कशाला नाही न म्हणणारे आप्पा उठले. "मग शेवट कोण सांगल?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

पेटी आली. लोक मोटरसायकल बंदही न करता पुस्तक टाकून जाऊ लागले. स्टुलावर पाण्याचा जार आला. आप्पांनी सुचवणंही सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "यादी लावलीये भिंतीला."

मागच्या आठवड्यात नवी पुस्तकं आली. शिक्के मारायच्या आधीच आप्पांनी एक घरी नेलं होतं, ते परत आणलं. शिक्क्यासाठी मी त्याचं शेवटचं पान उघडलं आणि शिंकले. तपकीर थेट शेवटच्या ओळीपर्यंत सांडली होती.

म्हणजे आप्पा सगळंच वाचत होते. बोरस्ते वहिनी गेल्यापासून ते घरी एकटे असतात हे मला माहीत होतं, पण त्याचा या स्टुलाशी संबंध मी कधी लावला नव्हता. मला माझ्या त्या हसण्याची लाज वाटली.

ते पुस्तक मी दोन दिवसांत वाचून काढलं. जार खाली उतरवला, स्टूल ओढलं आणि आप्पांसमोर बसले.

"आप्पा, त्या मास्तरचं शेवटी काय झालं, ठाऊक आहे?"

त्यांनी तपकिरीची डबी बाजूला ठेवली. "नाय बा. सांगा ताई."

मी सांगत गेले. घाईत मास्तरच्या मुलीचं नाव चुकलं. आप्पांचे ओठ हलले, पण त्यांनी मला अडवलं नाही.